इंधनाचे पीक आणि गवतातली घरटी

जैवइंधनाच्या पिकांमुळे गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे काय होते, याविषयी गेले काही महिने मी जमेल तसे वाचत आहे. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा पिकाच्या नावावर येऊन थांबते. मका वाईट आणि गवत चांगले, अशी सोपी वाटणी करून मंडळी मोकळी होतात. पीक कोणते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण माझ्या मते त्याच्या आधी विचारायला हवे, की ते पीक लावण्यापूर्वी त्या जमिनीवर काय उभे होते, आणि त्यानंतर लगेच विचारायला हवे, की ते कापायचे कधी, किती उंचीवर आणि किती शिल्लक ठेवून. या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली, तर सर्वांत गुणी म्हणून नावाजलेले पीकही पक्ष्यांच्या मुळावर येते.

या सगळ्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट नोंदला गेलेला अनुभव अमेरिकेच्या मध्यभागातला आहे. तिथे २००५ च्या कायद्याने वाहनांच्या इंधनात जैवइंधन मिसळण्याची सक्ती आली आणि २००७ च्या कायद्याने तिचे उद्दिष्ट २०२२ पर्यंत वर्षाला ३६ अब्ज गॅलनांवर नेले. त्यातले १५ अब्ज गॅलनांपर्यंत मक्याचे इथेनॉल चालेल आणि १६ अब्ज गॅलन इंधन गवत, धाटे, लाकूड अशा तंतुमय पदार्थांपासून येईल, अशी आखणी होती. मक्याचा वाटा जवळजवळ ठरल्याप्रमाणे भरला. गवताचा वाटा कागदावरच राहिला. आज अमेरिकेत पिकणाऱ्या मक्यापैकी एकतृतीयांशाहून अधिक मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. त्याचा चोथा जनावरांच्या खाद्यात परत येतो हे हिशेबात धरले, तरी हा वाटा लहान म्हणता येणार नाही.

एवढ्या मक्याला जमीन कुठून आली, हे पाहण्यासाठी तिथली एक जुनी योजना समजून घ्यावी लागते. धूप होणारी किंवा हलकी जमीन शेतकऱ्याने दहा ते पंधरा वर्षे लागवडीतून काढून तिथे गवत राखले, तर सरकार त्याला दरवर्षी एकरी भाडे देते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २००७ मध्ये सुमारे ३.६८ कोटी एकर जमीन होती, आणि गवतात वीण करणाऱ्या कितीतरी पक्ष्यांना तिच्यामुळे आसरा मिळाला होता. पुढे मक्याचा भाव चढला, करार संपत गेले आणि अनेक शेतकऱ्यांनी त्यांचे नूतनीकरण केले नाही. २०१४ च्या कायद्याने तर योजनेची कमाल मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणली. कधीही न नांगरलेली मूळची कुरणेही याच काळात फुटली. दोन्ही डाकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा आणि आयोवा या पाच राज्यांच्या मकापट्ट्यात २००६ ते २०११ या पाच वर्षांत सुमारे १३ लाख एकर गवत निव्वळ घटले, असा उपग्रहचित्रांवरून काढलेला अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या एका अभ्यासात दिसले, की २००८ ते २०१२ या काळात इथेनॉल कारखान्यांपासून शंभर मैलांच्या आत सुमारे ३६ लाख एकर गवत पिकाखाली गेले. शेतकऱ्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. सरकारी भाड्यापेक्षा मक्यात दुप्पट मिळत असेल, तर तो काय करील हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसला नव्हता, असेही नाही. १९ डिसेंबर २००७ नंतर नव्याने लागवडीखाली आणलेल्या जमिनीवरचे पीक सक्तीच्या हिशेबात धरले जाणार नाही, अशी अट कायद्यातच होती. ती पाळली जाते की नाही हे शेतवार तपासायचे म्हणजे प्रचंड काम. म्हणून अंमलबजावणी करताना असे ठरले, की देशातली एकूण शेतजमीन २००७ च्या पातळीच्या, म्हणजे सुमारे ४०.२ कोटी एकरांच्या, वर जात नाही तोवर सर्वांनी अट पाळली असे समजावे. वाचायला हे व्यवहार्य वाटते. प्रत्यक्षात एखाद्या शहराने आपल्या भोवतीची हजार एकर शेती गिळली आणि दक्षिण डाकोटात हजार एकर कुरण नांगरले गेले, तर बेरीज जिथल्या तिथे राहते आणि अट पाळल्याची नोंद होते. वर्षानुवर्षे त्याच कुरणात घरटे करायला परतणाऱ्या पक्ष्याला देशाची बेरीज ठाऊक नसते. या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त चीड आली ती या एका प्रशासकीय सोयीची.

युरोपीय संघाने २००९ च्या आपल्या निर्देशात जैवविविधतेने समृद्ध असलेली गवताळ जमीन जानेवारी २००८ नंतर मोडून घेतलेले पीक जैवइंधनासाठी मोजायचे नाही, असे लिहिले. दिशा योग्य होती, पण गाडीच्या इंधनाला लावलेला हा निकष बायोगॅसच्या विजेला तेव्हा लागू नव्हता. जर्मनीत २००४ नंतर ऊर्जेसाठी पिकवलेल्या मालाला जादा दर मिळू लागला आणि बायोगॅसच्या टाक्यांसाठी हिरव्या मक्याचे क्षेत्र इतके वाढले, की २०१२ मध्ये टाकीत मक्याचे प्रमाण ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा घालावी लागली.

कर्बाचा हिशेब मी थोडक्यात उरकतो, कारण या लेखाचा तो मुख्य विषय नाही. तो सोडून मात्र पुढे जाता येत नाही. गवताच्या जमिनीतला बराचसा कर्ब मुळांत आणि मातीत असतो आणि नांगर घातला की तो हवेत जाऊ लागतो. २००८ च्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेतले मूळचे गवत मोडून मक्याचे इथेनॉल केले, तर इंधनाच्या बचतीतून ते नुकसान भरून यायला सुमारे ९३ वर्षे लागतात. सरकारी योजनेत पंधरा वर्षे राखलेले गवत मोडले, तर सुमारे ४८. सक्तीमुळे वाढलेल्या लागवडीचा विचार केला तर मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा किमान २४ टक्के अधिक कर्ब सोडत असावे, असे २०२२ च्या एका अभ्यासाने म्हटले. त्यावर अजून वाद आहे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की उभे गवत मोडून इंधन पिकवण्यात हवामानाचाही फायदा नाही आणि पक्ष्यांचाही नाही. समतोलाची गोष्ट सुरू होते ती आधीपासून नांगराखाली असलेल्या जमिनीवर.

आता मी कापणीकडे वळतो, कारण सर्वांत जास्त आशा मला तिथे दिसते.

उत्तर अमेरिकेत गवतात वीण करणाऱ्या पक्ष्यांची संख्या १९७० पासून निम्म्याहून अधिक घटली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार सत्तर कोटींहून अधिक पक्षी कमी झाले. कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक अगदी जमिनीलगतचे आहे. बोबोलिंक नावाचा पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून मे महिन्यात उत्तरेला येतो. मादी गवताच्या बुंध्याशी, जमिनीवरच, वाळक्या काड्यांचे खोलगट घरटे करते आणि त्यात पाच-सहा अंडी घालते. साधारण बारा दिवस ती उबवते, पिल्ले दहा-अकरा दिवसांत घरट्याबाहेर पडतात, पण तेव्हा त्यांना उडता येत नाही. पुढचे काही दिवस ती गवतातच हिंडतात. धोका जाणवला, की ही पिल्ले पळत नाहीत, अंग चोरून जमिनीला चिकटून बसतात. कोल्ह्यापुढे किंवा भोवत्यासारख्या शिकारी पक्ष्यापुढे ही युक्ती चालते. जमिनीपासून चार बोटांवर फिरणाऱ्या कापणीयंत्राच्या पात्यापुढे ती चालत नाही.

वैरणीसाठी गवत कापणाऱ्या शेतकऱ्याचा आणि या पक्ष्याचा झगडा म्हणूनच मिटत नाही. वैरणीत प्रथिने हवीत, ती कोवळ्या गवतात असतात, आणि कोवळे गवत ऐन विणीच्या दिवसांतच उभे असते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात यावर असा तोडगा वापरतात, की पहिली कापणी मे अखेरपर्यंत उरकायची आणि दुसरी निदान ६५ दिवस करायची नाही, म्हणजे तेवढ्यात पक्षी एकदा वीण उरकून घेतो. त्यात दुसऱ्या कापणीची वैरण निबर होते आणि त्याचा तोटा शेतकऱ्याला भरून द्यावा लागतो.

इंधनाच्या गवताला मात्र नेमके उलटे हवे असते. स्विचग्रास हे उत्तर अमेरिकेचे मूळचे गवत. माणसाच्या उंचीएवढे वाढते, मुळे तीन मीटरपर्यंत खोल जातात, आणि एकदा लावले की दहा वर्षे किंवा त्याहून जास्त उभे राहते. शरद ऋतू संपता संपता दव गोठून हिम पडले, की त्याच्या पानांतला आणि दांड्यांतला नत्र व इतर पोषक द्रव्ये मुळांकडे परततात. त्यानंतर कापलेले गवत जनावराला फारसे उपयोगाचे नसते, पण इंधनाला उत्तम असते: ओल कमी, राख कमी, आणि पोषक द्रव्ये शेतातच राहिल्यामुळे पुढच्या वर्षी खत कमी. म्हणजे ज्या तारखेला कारखान्याला माल हवा, त्या तारखेला सगळी घरटी केव्हाच रिकामी झालेली असतात. वैरणीत शेतकऱ्याला नुकसान सोसून पाळावी लागणारी तारीख इथे त्याच्या फायद्याची तारीख ठरते. जैवइंधनाच्या बाजूने इतका सरळ युक्तिवाद दुसरा नसेल, आणि तरीही जाहिरातींत तो मला कुठे दिसला नाही.

पण हा युक्तिवाद तिथेच सोडला, तर तो अर्धाच राहतो. शरदात कापलेले शेत पुढच्या वसंतात कसे दिसते, यावर तिथे कोण येणार हे ठरते. आयोवात स्विचग्रासच्या शेतांवर झालेल्या निरीक्षणांत असे आढळले, की पूर्ण कापलेल्या शेतांत ग्रासहॉपर स्पॅरो हा आखूड, विरळ गवत आवडणारा छोटा पक्षी वाढला, तर सेज रेनसारखे पक्षी न कापलेल्या उंच गवतालाच चिकटून राहिले. हेन्स्लोज स्पॅरोला तर मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या आणि खाली साठलेला पाचोळा असल्याशिवाय घरटे करता येत नाही. त्यामुळे सगळे कापा म्हणणारा आणि अजिबात कापू नका म्हणणारा, दोघेही कुठल्या तरी एका पक्ष्याच्या पोटावर पाय देतात. शेताचा एक भाग यंदा कापायचा, दुसरा राखायचा, पुढच्या वर्षी उलट करायचे. धसकटे जरा उंच ठेवायची, म्हणजे बर्फही अडेल आणि वसंतात आलेल्या पक्ष्याला थोडा आडोसाही मिळेल. पूर्ण पीक वसंतापर्यंत उभे ठेवण्याची सूचनाही केली जाते, आणि हिवाळ्यात आसरा शोधणाऱ्या तितरासारख्या पक्ष्यांना ती मानवेलच. पण पेन्सिल्व्हेनियात बर्फाच्या एका वर्षी अशा शेतातले जवळपास ४० टक्के उत्पादन हाती लागले नाही. शेतकऱ्याला हे फुकटात करायला सांगणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

शिवाय गवत म्हटले की ते कुरण झाले, असा समज करून घेऊ नये. अधिक टन मिळावेत म्हणून निवडलेले स्विचग्रासचे एकसुरी, खत घातलेले शेत इतके दाट होते, की पिल्लांना खालून चालायला मोकळी जमीन उरत नाही. फुले नाहीत म्हणून कीटक कमी, आणि कीटक कमी म्हणजे पिल्लांचे अन्न कमी. मिस्कँथसचे तर बोलायलाच नको. तीन-चार मीटर उंच वाढणारे हे वांझ संकरित गवत उत्पादनात सर्वांवर मात करते, पण उघड्या माळाला सरावलेल्या पक्ष्याला ते जंगलासारखेच परके. याच्या दुसऱ्या टोकाला मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथला प्रयोग आहे. तिथे हलक्या, खत न घातलेल्या जमिनीवर सोळा जातींच्या मिश्रणाने दशकभरानंतर एकेकट्या जातींच्या सरासरीपेक्षा २३८ टक्के अधिक ऊर्जा दिली, असे २००६ मध्ये जाहीर झाले, आणि पर्यावरणवाद्यांनी हा आकडा डोक्यावर घेतला. त्यातला ‘खत न घातलेल्या’ हा भाग मात्र अनेकांनी वाचलाच नाही. चांगल्या जमिनीवर खत घातलेले निवडक वाण टनांत मिश्रणाला सहसा मागे टाकते. मिश्र गवताची बाजू टनांवर लढवू नये, असे मला वाटते; ती कमी खर्च, कमी जोखीम आणि अधिक जीव या मुद्द्यांवर लढवावी.

आता ‘सीमांत जमिनी’, म्हणजे जेमतेम पिकणाऱ्या हलक्या जमिनी, या मुद्द्याकडे येतो. धान्याशी स्पर्धा नको म्हणून इंधनाचे पीक सीमांत जमिनीवर घ्या, हा सल्ला कानाला गोड लागतो. पण नांगराने जी जमीन टाकून दिली, तीच बहुतेक ठिकाणी माळावरच्या जिवांची अखेरची जागा असते. भारतात २००३ च्या सुमारास जट्रोफा हे तेलबियांचे झुडूप लावून डिझेल काढण्याची मोठी योजना पुढे आली, तेव्हा १.३४ कोटी हेक्टर जमीन त्यासाठी उपलब्ध असल्याचे सांगितले गेले, आणि त्यात पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या. माळढोक, तणमोर, काळवीट आणि लांडगा ज्या माळरानांवर जगतात, तीही महसुली नोंदींत बहुधा अशीच नोंदलेली असतात. जट्रोफाचे उत्पादन अपेक्षेइतके आले नाही आणि योजना बारगळली. माळाच्या दृष्टीने ते अपयशच पथ्यावर पडले, हे बोलून दाखवायला हरकत नाही.

याउलट खरी सीमांत जमीन चालू शेतांच्या आतच सापडते. मळणी करता करता उताऱ्याची नोंद घेणाऱ्या यंत्रांमुळे आता शेताचा नकाशा काढता येतो, आणि त्यात चांगल्या वर्षीही तोट्यात जाणारे तुकडे स्पष्ट दिसतात: पाणी साचणारा खोलगट भाग, धुपलेला उतार, वळणावरची टोके. तिथे बी, खत, डिझेल सगळे ओतून शेतकरी दरवर्षी पैसे घालवतो. आयोवा स्टेट विद्यापीठाने २००७ पासून नील स्मिथ अभयारण्याच्या परिसरात केलेल्या प्रयोगात मका-सोयाबीनच्या शेतातला फक्त दहावा हिस्सा देशी गवत आणि फुलझाडांच्या पट्ट्यांसाठी राखला. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, वाहून जाणारी माती अडण्याचे प्रमाण वीस पटींनी वाढले, परागण करणाऱ्या कीटकांची संख्या साडेतीन पट झाली आणि पक्ष्यांच्या जाती दुपटीहून किंचित अधिक आढळल्या. २०१८ च्या कृषी कायद्याने असे पट्टे सरकारी भाड्याच्या योजनेत बसवले. ज्या आयोवात मूळच्या उंच गवताच्या प्रेअरीचा एक हजारावा हिस्साही उरलेला नाही, तिथे याचे मोल वेगळे सांगायला नको. तरी पट्टा म्हणजे कुरण नाही. प्रेअरी चिकनसारख्या, मैलोगणती मोकळा माळ लागणाऱ्या पक्ष्याला शेताच्या कडेची पट्टी कामाची नाही. त्याच्यासाठी उरलेली सलग कुरणे राखणे हाच एक उपाय आहे, आणि तिथे इंधनाचा विषयही काढू नये.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि सगळे घोडे तिथेच अडते. गवतापासून इथेनॉल बनवण्याचे तंत्र प्रयोगशाळेत चालते, पण कॅन्सस आणि आयोवात २०१४-१५ मध्ये सुरू झालेले धाटांवरचे मोठे कारखाने काही वर्षांतच बंद पडले किंवा थांबले. गाठोड्यांत माती येते, माल ओला निघतो, वाहतूक महाग पडते. गिऱ्हाईकच नसेल, तर शेतकरी दहा वर्षे उभे राहणारे पीक कशाच्या भरवशावर लावणार? मला सध्या अधिक शक्य वाटतो तो बायोगॅसचा मार्ग, कारण तिथे माल जवळच्या टाकीत शेणाबरोबर मुरवता येतो आणि गवत मिश्र जातींचे असले तरी चालते. इतकीच काळजी घ्यावी लागेल, की टाकीला कोवळे गवत अधिक मानवते, आणि कापणी पुन्हा विणीच्या दिवसांकडे सरकण्याचा मोह होतो. आयोवात सरकारी योजनेतल्या गवतावर १५ मे ते १ ऑगस्ट हा विणीचा काळ धरून कापणीला बंदी असते. टाकीसाठी गवत विकत घेणाऱ्याच्या करारातही अशी तारीख लिहिलेली असावी.

मूळचे गवत मोडणाऱ्याला पहिली चार वर्षे पीक विम्याच्या हप्त्यावरचे अनुदान मोठ्या प्रमाणात कमी मिळेल, अशी तरतूद अमेरिकेच्या २०१४ च्या कायद्यात सहा राज्यांपुरती आहे. ती सगळीकडे लागू व्हायला हवी, कारण जोखीम सरकारने उचलायची आणि कुरण मोडण्याचा नफा खासगी राहायचा, हे कुठल्याच देशात समर्थनीय नाही. पण बंदी आणि दंडापेक्षाही करारातल्या एका साध्या कलमाने अधिक काम होईल, असे मला वाटते. आज खरेदीदार टनावर पैसे देतो. टनावर पैसे मिळणारा शेतकरी शेवटच्या काडीपर्यंत, अगदी बांधापर्यंत कापणार, धसकटे जमिनीलगत खरवडणार आणि एक कोपराही सोडणार नाही. तेच पैसे एकराच्या हिशेबाने दिले, आणि कापणी पहिल्या हिमानंतरच करायची, धसकटे वीतभर ठेवायची व दरवर्षी आळीपाळीने एकतृतीयांश शेत उभे सोडायचे या अटी दरातच धरल्या, तर राखलेल्या तुकड्याचा तोटा शेतकऱ्याच्या अंगावर पडत नाही. खरेदीदाराला माल कमी मिळेल, त्यामुळे त्याचा प्रतिटन खर्च वाढेल, आणि तो वाढीव खर्च मिश्रणाची सक्ती करणाऱ्या सरकारने सोसायचा की इंधन भरणाऱ्याने, हे ज्या त्या देशाला ठरवावे लागेल.